काडू, कुंडी आणि आईचा मोगरा

आमच्या फ्लॅटला लागून एक छोटी गच्ची आहे. दहा बाय बाराची असेल. बिल्डरनं ती दिली तेव्हा 'इथं झोपाळा टाकू' असं यांचं म्हणणं होतं. झोपाळा काही आला नाही, कुंड्या मात्र आल्या. तुळस, कढीपत्ता, गवती चहा, जास्वंद, चिनी गुलाब, असं करत करत बावीस झाल्या. त्या बावीस कुंड्यांत एकच कुंडी अशी होती, की तिच्यापुढून जाताना माझी पावलं हळू व्हायची. आईच्या मोगऱ्याची.

चिपळूणजवळच्या आमच्या गावी, मागच्या पडवीच्या कडेला आईचा बटमोगरा होता. फांदी वाकवून, तिला मातीत दाब देऊन आईनं त्याचं रोप तयार केलं आणि मला पुण्याला दिलं. २०१४ साली आई गेली. २०१६ मध्ये दादानं गावचं घर विकलं. त्याचीही कारणं होती. छप्पर गळत होतं, वाडीत राहायला कुणी नव्हतं. पण मला आधी विचारलं नाही, हे माझ्या मनात राहिलं. आमचं बोलणं सणावारापुरतं उरलं. नव्या मालकानं मागची पडवी पाडून फरशी घातली, असं कळलं. म्हणजे आईचा मोगरा आता जगात फक्त माझ्या कुंडीत होता.

आणि तो मरायला टेकला होता.

पहिली दोन वर्षं भरभरून फुलला, मग फुलं कमी झाली, मग पानं पिवळी पडायला लागली. २०१८ च्या मार्चमध्ये तर सगळ्या झाडाला मिळून सात कळ्या. पाणी घातलं तर वरच साचायचं, नाहीतर कुंडीच्या कडेनं सरसर खाली पळायचं. मातीत बोट घालायला जावं तर नख दुखावं. मी काय काय नाही केलं! नर्सरीतून रासायनिक खताचे दाणे आणले आणि 'चमचाभर' सांगितले होते तिथे मायेपोटी मूठभर घातले. पानांच्या कडा जळाल्या. चहाची पावडर घातली, तांदळाचं धुवण घातलं, कुणी सांगितलं म्हणून ताकसुद्धा घातलं. मोगऱ्यानं काही ऐकलं नाही.

अशात एका कृषी प्रदर्शनात गांडुळांचा स्टॉल दिसला. 'शेतकऱ्याचा मित्र' वगैरे फलक होता. शाळेत शिकलेलं आठवलंच, गांडूळ जमीन भुसभुशीत करतं. म्हटलं, माझी माती दगड झालीय, तर हाच इलाज. अर्धा किलो गांडुळं घेतली, घरी आणली आणि मोगऱ्यासकट आठ कुंड्यांत मूठ-मूठ सोडून दिली. महिना एप्रिल.

तिसऱ्या दिवशी सकाळी गच्चीचं दार उघडलं, तर फरशीवर वाळलेल्या शेवयांसारखं काहीतरी पडलेलं. जवळ जाऊन पाहिलं आणि पोटात ढवळलं. रात्रीतून कुंड्यांबाहेर निघून, सावली शोधत शोधत ती बिचारी उन्हात वाळून गेली होती. जी बाहेर पडली नव्हती ती मातीत मेली होती. मुंग्यांची रांग लागली होती. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता किळस आली म्हणून ओरडणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, पाहुणे बोलावलेस आणि घरात शिधा आहे की नाही ते बघितलंस का?"

त्यांना गांडुळाचं शास्त्र माहीत नव्हतं. पण नेमकं तेच चुकलं होतं.

कुंडी म्हणजे जमीन नव्हे

हे मला समजावून सांगितलं माझ्या मैत्रिणीच्या मावशीनं. त्या कृषी महाविद्यालयात शिकवून निवृत्त झालेल्या. माझी सगळी रडकथा ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गांडुळं कुठल्या जातीची होती?" मी गप्प. गांडुळात जाती असतात हेच मला ठाऊक नव्हतं.

तर मैत्रिणींनो, असतात. आणि आपल्या कामासाठी त्यांचे तीन गट माहीत असले की पुरे. काही गांडुळं जमिनीत खोल उभी बिळं करतात आणि वरचा पालापाचोळा खाली ओढून नेतात. काही मातीच्या मधल्या थरात आडवी हिंडतात आणि मातीच खातात. तिसरी मात्र मातीत राहतच नाहीत म्हटलं तरी चालेल. ती वरच्या कुजणाऱ्या पाल्यात, शेणात, उकिरड्यात राहतात. खतासाठी जी विकत मिळतात ती ही तिसऱ्या गटातली. लालसर, अंगावर फिकट पट्टे असलेलं आयसेनिया फेटिडा आणि त्याहून लांब, जाडसर असं मूळचं आफ्रिकेतलं युड्रिलस युजिनी, या दोन जाती आपल्याकडे जास्त दिसतात. त्यांना हवा असतो कुजणारा कचरा, ओल आणि गारवा. मी त्यांना काय दिलं होतं? दगड झालेली माती, त्यात खायला काही नाही आणि एप्रिलच्या उन्हात हात लावला तर चटका बसेल अशी तापलेली कुंडी. आयसेनियाला साधारण १५ ते २५ अंश तापमान मानवतं. पस्तिशीच्या पुढे त्याच्या जिवावर बेततं. वर माझं मूठभर रासायनिक खत मातीत होतंच.

"आणि समजा ती जगली असती," मावशी म्हणाल्या, "तरी तुझा प्रश्न सुटला नसता. कुंडी म्हणजे जमीन नव्हे गं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हापासून प्रत्येकीला सांगत आले आहे. जमिनीतल्या झाडाची पानं त्याच्याच बुंध्याशी गळतात, कुजतात, परत त्याच्याच मुळांना मिळतात. मुळं लांब जातात, खोल जातात, जिथं मिळेल तिथून घेतात. किडामुंगी, बुरशी, गांडुळं अशी सगळी वस्ती खाली राबत असते. कुंडीतलं झाड मात्र सासरी एकटं पडलेल्या मुलीसारखं असतं. गळलेली पानं आपण झाडून टाकतो. दर वेळी घातलेलं पाणी तळाच्या भोकातून जाताना थोडं थोडं सत्त्व बरोबर घेऊन जातं. मातीतला सेंद्रिय भाग हळूहळू कुजून संपतो, माती दबत जाते, आणि दोन-तीन वर्षांत कुंडीत उरते ती नुसती माती. पोषण नाही, हवा नाही, पाणी धरायची ताकद नाही. म्हणून बाहेरून आणून द्यायचं. गांडुळं नव्हे, गांडुळांनी केलेलं खत. गांडुळांना त्यांच्या घरात ठेवायचं, पोटभर खायला घालायचं आणि त्यांची विष्ठा कुंडीला द्यायची.

'विष्ठा' म्हटल्यावर नाक मुरडू नका. गांडुळाला दात नसतात. त्याच्या पोटात पक्ष्यांसारखी एक पेषणी असते. तिच्यात मातीच्या, वाळूच्या बारीक कणांच्या मदतीनं खाल्लेलं दळलं जातं. मग आतड्यात जिवाणूंचं काम चालतं आणि बाहेर येतात ते काळे, रवाळ दाणे. हे दाणे चिकट स्रावानं बांधलेले असतात, म्हणून ते पाणी धरून ठेवतात, आणि दाण्यादाण्यात फट राहते म्हणून मुळांना हवाही मिळते. नत्र, स्फुरद, पालाश त्यात असतं, पण रासायनिक खतासारखं ठासून नव्हे. नत्र साधारण एक ते दोन टक्के. त्याची खरी किंमत आहे ती मुळांना सहज घेता येईल अशा रूपातल्या अन्नात, जिवंत सूक्ष्मजीवांत आणि मातीची बिघडलेली घडी परत बसवण्यात.

चार्ल्स डार्विनला आपण ओळखतो ते माकड आणि माणसामुळे. पण त्याचं शेवटचं पुस्तक होतं गांडुळांवर. १८८१ साली ते निघालं आणि पुढच्या वर्षी तो गेला. गांडुळांवरचा त्याचा पहिला निबंध होता १८३७ चा. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षं हा विषय त्याच्या डोक्यात होता. त्यासाठी त्यानं गांडुळं कुठं पाळली? तर कुंड्यांतच, स्वतःच्या अभ्यासिकेत! त्यांना ऐकू येतं का हे पाहायला घरातल्यांनी शिट्टी वाजवली, बसून नावाचं मोठं फुंकवाद्य वाजवलं, गांडुळं ढिम्म. मग कुंड्या पियानोवर ठेवून सूर वाजवल्यावर मात्र ती झटकन बिळात गेली. कान नाहीत, पण कंप कळतो. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत एकरी दहा टनांहून जास्त माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते, असा हिशेब त्यानं मांडला होता. हे वाचल्यावर गच्चीतल्या त्या वाळक्या शेवया आठवून मला आणखीच वाईट वाटलं.

सासूबाई, सोवळं आणि क्रेट

जूनच्या शेवटी, पाऊस सुरू झाल्यावर, मी पुन्हा सुरुवात केली. या वेळी शिधा आधी आणि पाहुणे नंतर.

भाजीवाले वापरतात तसा एक प्लॅस्टिकचा क्रेट घेतला. आतून गोणपाट लावलं. तळाशी नारळाच्या शेंड्यांचा दोन-तीन इंचांचा थर, म्हणजे पाणी साचत नाही. त्यावर सोसायटीच्या आवारातला वाळलेला पाला, चुरडून. त्यावर पंधरा-वीस दिवसांचं जुनं शेण. ताजं नको, ते कुजताना तापतं आणि गांडुळं होरपळतात. हे सगळं ओलं करून आठ-दहा दिवस तसंच ठेवलं. रोज आत हात घालून पाहायचं, गरम लागतंय का. गार झालं, तेव्हा पाव किलो गांडुळं सोडली आणि वर ओलं गोणपाट पांघरलं. क्रेट चार विटांवर, प्रत्येक वीट पाणी भरलेल्या थाळीत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. जागा पत्र्याच्या शेडखालची, ऊन न येणारी.

सासूबाईंचा विरोध होता. घरात वळवळणारे जीव, श्रावण तोंडावर आलेला, आणि सून भाजीची देठं टाकायला त्याच हातानं जाणार! मी त्यांना म्हटलं, शेणाला आपण पवित्र मानतो, त्यातच ती राहतात. त्या काही बोलल्या नाहीत. पण दोन दिवसांनी दुधी चिरताना त्यांनी सालं वेगळ्या ताटलीत काढून ठेवली आणि म्हणाल्या, "हे घे, तुझ्या माहेरच्या मंडळींना."

माहेरचीच ती. आमच्याकडे कोकणात गांडुळाला काडू म्हणतात. पावसाळ्यात शेणकईच्या कडेला उकरून दादा नारळाच्या करवंटीत काडू जमवायचा आणि गरीला लावून वहाळावर मासे धरायला बसायचा. करवंटी धरायचं काम माझं. मला काडवांची भीती वाटायची आणि तो मुद्दाम एखादा माझ्या हातावर ठेवायचा. क्रेटमध्ये पहिल्यांदा हात घातला तेव्हा तो गार, ओला स्पर्श तसाच लागला. दादाला फोन करून सांगावंसं वाटलं. केला नाही.

काय घालायचं, काय नाही

सुरुवातीला मी उत्साहानं चौघांच्या स्वयंपाकाचा सगळा ओला कचरा ओतायला लागले. आठवड्यात वास सुटला आणि चिलटं झाली. शेजारच्या काकूंनी जिन्यात गाठून विचारलं, "तुमच्याकडे काही मेलंय का हो?" मावशींना फोन. त्या म्हणाल्या, गांडूळ दिवसाला फार तर आपल्या वजनाच्या निम्मं खातं, म्हणजे पाव किलो गांडुळांना रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम पुरे. वाटीभर. उरलेलं कुजतं, त्यालाच वास येतो. वस्ती वाढेल तसं खाणं वाढवायचं. मग वाळलेला पाला मूठ-मूठ मिसळला, चार दिवस खाणं बंद ठेवलं. वास गेला.

त्या वर्षभरात ठेचा खात जे शिकले ते असं.

भाज्यांची देठं, सालं, केळीची साल, कलिंगडाच्या फोडी, निर्माल्यातली फुलं (दोरा, तार, प्लॅस्टिक काढून) हे सगळं चालतं. बारीक चिरून घातलं तर लवकर संपतं. चहाचा चोथा धुऊन घालायचा, म्हणजे दूध-साखर जाते. अंड्याची टरफलं वाळवून, कुटून चिमूट-चिमूट घालावीत. पेषणीला रवा मिळतो आणि आंबटपणाही कमी होतो. लिंबू-मोसंबीची सालं, कांदा-लसूण, मिरच्या नकोत. मीठ-तेल-मसाल्याचं शिजलेलं अन्न, आमटी, लोणचं, दूध-दही, मासे-मटण तर मुळीच नाही. खाणं वरवर टाकायचं नाही. एका कोपऱ्यात थोडं उकरून, आत घालून वर पाला पसरायचा. म्हणजे चिलटं होत नाहीत.

ओल ओळखायची खूण सोपी आहे. मूठभर घेऊन दाबा. एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर. धार लागली तर पाणी जास्त, काहीच नाही तर कमी. गांडूळ कातडीनं श्वास घेतं, म्हणून ओल लागते. पण पाणी साचून राहिलं तर त्याला सोसत नाही. मुसळधार पावसात ती बाहेर पडतात. जुलैतल्या एका रात्री वाऱ्यानं शेडचा पत्रा सरकला, आणि सकाळी अर्धी वस्ती क्रेटच्या बाहेर! या वेळी वेळेवर जाग आली म्हणून बरं. सासूबाई बॅटरी धरून उभ्या आणि मी चमच्यानं गोळा करतेय, असं दृश्य होतं ते.

आणि हो, ती वाढतात. एकाच गांडुळात नर-मादी दोन्ही असतात, तरी जोडी लागतेच. लिंबाच्या बीपेक्षाही लहान, पिवळसर कोष दिसले की टाकून देऊ नका, त्यातून साधारण तीन आठवड्यांत पिल्लं निघतात.

जास्त झालं तरी वाईटच

सप्टेंबरअखेर क्रेटमधलं रूप बदललं. देठ नाही, साल नाही, नुसती काळी, भरड चहापावडरीसारखी रवाळ माती. नाकाजवळ नेली तर पहिल्या पावसाचा वास. पाणी चार-पाच दिवस बंद केलं, सगळं प्लॅस्टिकच्या कागदावर ओतून उजेडात शंकूसारखा ढीग केला. गांडुळांना उजेड नको असतो, ती खाली खाली जातात. वरचं खत हलक्या हातानं काढत जायचं. शेवटी तळाशी गांडुळांचा गुंता उरतो, तो परत नव्या क्रेटमध्ये. खत उन्हात कडक वाळवायचं नाही, नाहीतर त्यातली जिवंत मंडळी मरतात. सावलीत, किंचित ओलसर, गोणपाटात ठेवायचं आणि काही महिन्यांत वापरायचं.

इथं मी दुसरी चूक केली. एवढं गुणकारी आहे तर निव्वळ तेच का नको? म्हणून दोन कुंड्या नुसत्या गांडूळखतानं भरून त्यात मेथी आणि टोमॅटो पेरले. मेथी उगवली आणि चार दिवसांत मान टाकून बसली. टोमॅटोची रोपं खुजी, पानं मळकी. मातीत बोट घातलं तर चिखल. निव्वळ खत पाणी फार धरतं, आणि त्यातले क्षार कोवळ्या मुळांना सोसत नाहीत. नंतर वाचलं, अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात कुंडीतल्या मिश्रणात गांडूळखताचं प्रमाण बदलून बरेच प्रयोग झाले आहेत. झाडं चांगली वाढली ती थोड्या प्रमाणात, दहा-वीस टक्के घातल्यावर. प्रमाण फार वाढवलं की फायदा घटत जातो. आपल्या स्वयंपाकातल्या मिठासारखंच म्हणा ना.

तेव्हापासून माझं माप ठरलेलं आहे. दहा डबे मिश्रण करायचं तर चार डबे चाळलेली माती, तीन डबे कुजलेला पाला आणि भिजवून मोकळा केलेला नारळाचा भुसा, एक डबा जाड वाळू आणि दोन डबे गांडूळखत. भरलेल्या जुन्या कुंडीला द्यायचं तर बारा इंची कुंडीत महिना-दीड महिन्यानं दोन मुठी. वरची माती खुरपीनं हलवून खत घालायचं, वर वाळलेली पानं पसरायची आणि पाणी द्यायचं. त्या पानांचं पांघरूण विसरू नका. उघडी माती उन्हानं पुन्हा दगड होते. गळलेली पानं झाडाच्याच मुळाशी परत द्यायची, हे तर कोल्हापूरच्या प्रा. श्री. अ. दाभोलकरांनी आणि त्यांच्या प्रयोग परिवारानं कधीच सांगून ठेवलं आहे. शहरातली घाण समजून आपण जाळतो तो पाला म्हणजे माती करायचं भांडवल आहे.

परदेशी गांडुळांबद्दल वादही आहे, तो सांगायला हवा. नैसर्गिक शेतीचे पुरस्कर्ते सुभाष पाळेकर यांचा खताच्या या विकतच्या गांडुळांना कडक विरोध आहे. जमिनीत खोल वर-खाली करणारं देशी गांडूळच खरं काम करतं, असं त्यांचं म्हणणं. शेताबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. पण माझ्या कुंडीला खोली आहे एक फुटाची आणि खाली सिमेंटचा स्लॅब. तिथं खोल बिळं करणाऱ्यानं जायचं कुठं? मी एक पथ्य मात्र पाळते. ही गांडुळं क्रेटमध्येच ठेवायची, डोंगरावर, नदीकाठी नेऊन सोडायची नाहीत.

मोगऱ्याचं काय झालं

जानेवारी २०१९. मावशी म्हणाल्या, आता छाटणीची वेळ. धीर करून मोगरा निम्मा छाटला. कुंडी आडवी करून झाड बाहेर काढलं आणि कारण डोळ्यांसमोर आलं. मुळांनी कुंडीच्या आतून गोल गोल वेटोळे घातले होते, मातीपेक्षा मुळंच जास्त. त्यात नुसतं गांडूळखत वरून घातलं असतं तरी काही झालं नसतं, हेही कळलं. बाहेरची गुंतलेली मुळं कात्रीनं कापली, जुनी माती हलकेच झटकली. आतल्या गड्ड्याला मात्र एक तांबूस ढेकूळ चिकटलेलं होतं. पुण्याची काळी माती नव्हे ती. आईनं रोपाबरोबर दिलेली, आमच्या परड्यातली जांभ्याची माती. ती काही मी झटकली नाही.

मोठी कुंडी, नवं मिश्रण, दहाला दोन. पंधरा दिवस सावलीत, मग उन्हात. फेब्रुवारीत काही हालचाल नाही. मी रोज जाऊन पाहायची आणि सासूबाई म्हणायच्या, "सारखं उघडून बघितलं की दही लागत नाही." मार्चमध्ये हिरवे कोंब आले, गडद, तकतकीत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कळ्या. मोजल्या नाहीत. पहिली ओंजळ सासूबाईंनी देवाला वाहिली आणि चार फुलं आईच्या फोटोपुढे नेऊन ठेवली, मला न सांगता.

हा सगळा गांडुळांचा पराक्रम, असं मी म्हणणार नाही. छाटणी होती, मोठी कुंडी होती, ऊन होतं. पण माती जिवंत नसती तर बाकीच्याचा उपयोग झाला नसता. आणि जी माती दर तीन वर्षांनी मी फेकून नवी विकत आणत होते, ती आता मी फेकत नाही. जुनी माती उन्हात तापवायची, चाळायची, त्यात पाला आणि गांडूळखत मिसळायचं, पुन्हा कुंडीत. २०१९ पासून मी एक पोतं माती विकत घेतलेली नाही. घरातला ओला कचराही आता जवळजवळ सगळा गच्चीतच जिरतो. पुण्याच्या कचऱ्यापायी उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी किती वर्षं सोसलं, किती आंदोलनं केली, ते आपण पेपरात वाचलं आहे. आपली वाटीभर सालं तिकडे गेली नाहीत, एवढं तरी.

त्या जूनमध्ये मी मोगऱ्याची एक फांदी वाकवली, शेजारच्या छोट्या कुंडीत तिला दाब दिला, वर दगड ठेवला. आईसारखाच. दोन महिन्यांत मुळं धरली. गणपतीला आम्ही ठाण्याला दादाकडे गेलो, तेव्हा ते रोप घेऊन गेले. बरोबर पिशवीभर खत. त्यानं रोप पाहिलं आणि ओळखलं. काही बोलला नाही. वहिनीनं बाल्कनीत जागा केली. तो कुंडी भरायला बसला, पिशवीत हात घातला आणि थांबला. खत चाळताना एक चुकार गांडूळ राहिलं होतं. त्यानं ते तळव्यावर घेतलं आणि मान वर करून म्हणाला, "अगं, काडू! हात पुढे कर बघू."

मी हात पुढे केला.

आता दर महिन्याला त्याचा फोन येतो. आधी मोगऱ्याची चौकशी, मग क्रेटची, मग बाकीचं. गेल्या पावसाळ्यात त्यालाही पाव किलो काडू दिले. वहिनी म्हणते, दुधी चिरला की सालं कुणी टाकायची यावरून आता दोघांची भांडणं होतात.